तुरटी आणि टाचण्याची दाढी

तुरटीनानांचा राग गल्लीला नळाच्या पाण्यासारखा होता. सकाळी यायचाच. एखाद्या दिवशी आला नाही तर लोक काळजीनं विचारत, "नाना, बरं आहे ना?" कधी कात्रीला धार लावणाऱ्यावर राग, कधी पावडरच्या डब्यावर, कधी आरशात बघून भांग मोडणाऱ्या गिऱ्हाइकावर. हा वरवरचा राग. चहा आला की उतरायचा. पण टाचण्यानं दाढी वाढवली तेव्हाचा राग पोटातून आला होता, आणि तो चहानं उतरला नाही.

गल्लीच्या तोंडाशी जे सलून आहे ते नानांचं. म्हणजे नानांनी थाटलेलं. आता कारभार लेकीच्या हातात होता. मऊ गादीच्या दोन खुर्च्या तिच्या, पाय दाबला की हुस्स करून वर जाणाऱ्या. खिडकीजवळची तिसरी, लोखंडी, नानांची. हुस्स वगैरे काही नाही. उंच करायची तर नाना बुडाखाली पाट द्यायचे. लेकीच्या फळीवर बाटल्यांची पलटण उभी होती: निळी, हिरवी, गुलाबी, एक तर चक्क काळी. नानांच्या फळीवर गरम पाण्याचं भांडं, ब्रश, साबणाची वाटी, तेलाची कुपी आणि तुरटीचा खडा. मुठीत मावेल एवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. दाढी झाली की तो पाण्यात बुडवायचा आणि गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवायचा. गिऱ्हाईक "स्स्स" करायचं. नाना म्हणायचे, "लागलं? म्हणजे लागू पडलं."

नानांचं सगळं शास्त्र एका दमात सांगता यायचं. "केसाला तेल, दाताला मीठ, टाचेला दगड, काखेला तुरटी. एवढ्यात माणूस जन्माला येतो तसा स्वच्छ राहतो. बाकी सगळा बाटलीचा बाजार!"

एकदा बाटल्या विकणारा एक पोरगेला विक्रेता लेकीकडे आला होता. ती कामात होती म्हणून त्यानं चुकून नानांच्याच मनगटावर फवारा मारला.

"कसला वास हा?" नाना.

"सागरी ताजेपणा, काका."

"समुद्र पाहिलायस कधी? तिथं मासे वाळत घालतात. तो ताजेपणा गालाला लावून घरी गेलो तर मांजर मागं लागेल माझ्या!"

सलून हसलं. विक्रेता बिचारा चिकाटीचा. पुढच्या खेपेला त्यानं नानांसाठी खास वस्तू आणली. चकचकीत डबी, झाकणावर हिरवं पान, आत पांढरा गोटा. "पूर्णपणे नैसर्गिक स्फटिक, काका. दुर्गंधीवर रामबाण." नानांनी गोटा जिभेला लावून बघितला आणि असे उठले की विक्रेता आपोआप दाराकडे सरकला. "अरे, तुरटी आहे ही! माझ्याच फळीवरची तुरटी मलाच विकतोस? आणि हे पान कसलं? तुरटीला पान कधी फुटलं?"

या बाबतीत नानांचं खरं होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाचाही एखादा कोपरा झाडायचा राहतोच.

नाना तसे कामात कडक. दर माणसाला नवं पातं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडलेलं. टॉवेल उकळलेला. ब्रश धुतलेला. तुरटी मात्र सगळ्यांना मिळून एक. पोस्टमनच्या गालावरून उतरली की बेकरीवाल्याच्या गालावर.

लेक म्हणायची, "बाबा, सगळ्यांना एकच खडा कसा लावता?"

"अगं, तुरटीच जंतू मारते. तिला कसले जंतू लागतात? पोलिसाच्या घरी चोरी होते का?"

"होते की, बाबा."

"तो पोलीस तसला असेल!"

एक दिवस लेकीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "ऐका, बाबा. या खड्यापायी एक, एक जरी तक्रार आली, तर मी तुमची खुर्ची उचलून माळ्यावर टाकेन. सलून चालवायचंय मला." नाना म्हणाले, "ये घेऊन तक्रार. वाट बघतो." त्या वेळी नानांच्या खुर्चीत गालाला फेस लावून टाचण्या बसला होता. त्यानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

टाचण्या म्हणजे समोरचा शिंपी. अंगानं टाचणीसारखा, आणि ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून ते नाव. तरुणपणी दोघांनी एकाच हंगामात समोरासमोर दुकानं थाटली. तेव्हापासून रोज सकाळी आपलं दुकान उघडायच्या आधी टाचण्या रस्ता ओलांडून यायचा आणि लोखंडी खुर्चीत बसायचा. दिवसातली पहिली दाढी त्याची. बदल्यात नानांच्या विजारी तो शिवायचा आणि वाढत्या पोटाबद्दल अवाक्षर न काढता दर वेळी कमरेत थोडी सैल करायचा. मैत्री म्हणतात ती अशी.

तो टाचण्या यायचा बंद झाला.

पहिल्यांदा निरोप आला, सर्दी आहे. मग निरोप आला, कामाची गर्दी आहे. मग निरोपच बंद. नाना खुर्चीमागं टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहायचे आणि खिडकीतून बघायचे. समोर मशीनवर वाकलेल्या टाचण्याच्या हनुवटीवर काहीतरी उगवत होतं. आधी सावलीसारखं, मग गवतासारखं.

"दाढी!" नाना ओरडले तेव्हा लेकीच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. "त्या टाचण्यानं दाढी ठेवलीय!"

"ठेवू देत की," पोस्टमन म्हणाला. "वहिनींना आवडत असेल."

"या वयात? झाडू उलटा धरल्यासारखा दिसतोय! आणि मला सांगायची रीत नाही? इतकी वर्षं या हातानं त्याचा गाल राखला, आणि आता दाढी ठेवतो मला न विचारता!"

"गाल त्यांचा आहे, बाबा," लेक म्हणाली.

"गाल त्याचा, पण मेहनत माझी!"

शेवटी नाना रस्ता ओलांडून गेले. टाचण्या कुणाचा तरी कोट टाचत होता. नानांना बघताच त्यानं मान अशी वळवली की उजवा गाल भिंतीकडे गेला.

"काय रे, हे काय?"

"म्म्म," टाचण्या म्हणाला. ओठांत टाचण्या होत्या.

"थुंक त्या आधी!"

त्यानं टाचण्या सावकाश, एक एक करून उशीला खोचल्या. वेळ काढत होता. "सहज रे. म्हटलं जरा बदल."

"बदल हवा तर दुकानाचे पडदे बदल! दाढी कसली बदलतोस?"

तेवढ्यात नानांना वास आला. औषधी साबणाचा, नाकात झोंबणारा. मशीनच्या खणातून एक नळी डोकावत होती, कसल्याशा क्रीमची. टाचण्यानं गडबडीनं खण लोटला. झालं! नानांच्या डोक्यात उजेड पडला, पण भलत्याच खोलीत.

"असं आहे होय! बाटल्या, नळ्या! तूसुद्धा बाजारात गेलास. कुठल्या काचेच्या सलूनमध्ये जातोस, सांग."

"कुठंही जात नाही रे. बस तरी."

"बसायला माझ्याकडे खुर्ची आहे. तुलाच ती टोचायला लागली!" आणि नाना निघून आले.

पुढं अबोला. टाचण्या समोर दिसला की नाना खिडकीचा पडदा ओढायचे, आणि दिसला नाही तर पडद्याच्या फटीतून बघायचे. नवी विजार त्यांनी हट्टानं दुसऱ्या शिंप्याकडे दिली. ती कमरेत इतकी काटेकोर निघाली की नानांना दिवसभर उभंच राहावं लागलं. त्याचाही राग त्यांनी टाचण्याच्याच खात्यावर मांडला.

एका सकाळी टाचण्याची बायको आली. नानांचा एक सदरा कॉलर उलटवायला तिकडे पडला होता, तो घेऊन. घडी पुढं करत म्हणाली, "हा घ्या, नाना. झालाय."

"ठेवा तिथं, वहिनी. आणि नवऱ्याला सांगा, पैसे पाठवतो. आता आम्ही गिऱ्हाईक, तो शिंपी. मैत्री त्याच्या दाढीत हरवली."

वहिनी तशी शांत बाई. गल्लीत तिचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकला.

"पुरे झालं, नाना! हौस आलीय का त्यांना दाढीची? गाल फुटलाय त्यांचा! या बाजूनं त्या बाजूपर्यंत पुटकुळ्या, पू धरलेल्या. घास चावताना डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांनी बजावलंय, बरं होईपर्यंत पातं लावायचं नाही. म्हणून ती दाढी!"

बाकावरच्या दोघा-तिघांनी आपापल्या गालांना हात लावला.

"डॉक्टरांनी विचारलं, दुसऱ्यांच्या तोंडाला लागलेलं काही तुमच्या तोंडाला लागतं का? तर हे गप्प. मी बोलायला गेले तर माझा पाय दाबला. आणि सांगितलं काय? घरचा टॉवेल असेल! मग डॉक्टर माझ्याकडे वळले. 'बाई, टॉवेल नीट धुता येत नाहीत?' मी, नाना! मी खाली मान घालून ऐकून आले. तुमच्या त्या दगडापायी. आणि तुम्ही पडदे ओढता!"

ती सदरा खुर्चीवर टाकून निघून गेली. नानांनी लेकीकडे बघितलं. लेकीची नजर फळीवरच्या खड्यावर होती.

"टॉवेलच असेल," नाना पुटपुटले. "नाहीतर साबण. नाहीतर… त्याचं रक्तच उष्ण आहे." मग त्यांनी फळीवरचा खडा उचलला. ओला खडा काचेसारखा चमकतो. नानांनी तो नेहमी ओलाच पाहिलेला, आणि तोही चष्म्याशिवाय, कारण फेसाची वाफ चष्म्यावर धरते. आज खडा कोरडा होता. त्यांनी चष्मा लावला आणि खिडकीच्या उजेडात तो धरला. मधोमध एक चीर गेली होती. चिरेत साबणाचा पिवळट मळ बसला होता, आणि त्यात रुतलेले बारीक केस. पांढरे, काळे, एक तांबूस. तांबूस म्हणजे बेकरीवाला.

सगळ्यांचे गाल त्या एका चिरेत मुक्कामाला होते.

नाना तसेच खडा हातात घेऊन समोर गेले. टाचण्या मशीनवरून उठला. आज त्यानं गाल लपवला नाही. बहुतेक वहिनीनं घरी जाऊन त्यालाही सुनावलं असावं.

"लाज नाही वाटत?" नाना कडाडले. राग होताच, फक्त आता तो कुठं उतरवावा ते कळत नव्हतं. "इतकी वर्षं रोज सकाळी उघडी मान माझ्या वस्तऱ्याखाली दिलीस. डोळे मिटून! आणि एवढी एक गोष्ट तोंडावर सांगता आली नाही?"

"वस्तऱ्याला मी भीत नाही, नाना. तुझ्या तोंडाला भितो."

"विनोद करू नकोस!"

"नाही करत." टाचण्या स्टुलावर बसला. "पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, एक तक्रार आली की खुर्ची माळ्यावर. ती पहिली तक्रार मी करू? खुर्ची गेली तर तू कुठं जाशील? घरी बसून भिंतींवर रागावशील. मरतील बिचाऱ्या भिंती."

"म्हणून बायकोला बोल खाऊ घातलेस?"

"ते चुकलं."

"चुकलं म्हणे! आणि माझ्या हातानं बाकीच्यांचे गाल नासत राहिले असते, ते? पोस्टमनचा? बेकरीवाल्याचा? माझी खुर्ची राखलीस आणि माझं काम बुडवत होतास, टाचण्या!"

मग नाना वळले आणि परत सलूनमध्ये आले. दोन्ही मऊ खुर्च्या भरलेल्या, बाकावर माणसं वाट बघत बसलेली. अशा वेळी माणूस सहज म्हणू शकतो, संध्याकाळी बोलू. नाना म्हणाले नाहीत.

"ताई," ते लेकीला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तक्रार आलीय. टाचण्याचा गाल या खड्यानं फुटला. खुर्ची उचलायची तर उचल. पण आधी मी त्या वहिनींची माफी मागणार आणि मग डॉक्टरांकडे जाऊन सांगणार, की त्यांचे टॉवेल स्वच्छ आहेत."

लेकीनं कात्री ठेवली. खडा त्यांच्या हातून घेतला, बघितला आणि चेहरा आक्रसून कचऱ्यात टाकला. "खुर्ची राहू दे," ती म्हणाली. "लोखंडी आहे, माळा पडेल. पण तुरटी लावायची तर प्रत्येकाला वेगळा तुकडा. वापरला की तो गिऱ्हाइकासोबत घरी."

"म्हणजे? चांगली तुरटी वाटत सुटायची?"

"बाबा."

"बरं, बरं! पण त्यावर पानाचं चित्र चिकटवलंस तर याद राख."

गाल बरा व्हायला वेळ लागला. पण टाचण्या त्याआधीच आला, एका सकाळी, दुकान उघडायच्या आधी. लोखंडी खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काढून टाक रे ही. तुझी वहिनी जवळ फिरकू देत नाही."

नानांनी त्याची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली, चष्मा लावून. फोड अजून लाल होते. "पातं लागणार नाही," ते म्हणाले.

"अरे, थोडंच…"

"डॉक्टर कोण आहे इथं?"

"तू तर नाहीस!"

"म्हणूनच नाही म्हणतोय!" नानांनी उकळून ठेवलेली कात्री आणि फणी घेतली आणि ओठाभोवतीचं, गळ्यावरचं रान सावकाश, एक एक फोड चुकवत कापायला लागले. हात हलका आणि तोंड चालूच. "हलू नकोस. या वयात दाढी कोरायला शिकतोय, तीसुद्धा तुझी. कुठली बाजू मोठी राहिली? दोन्ही? मग तुझा चेहराच वाकडा आहे, मी काय करू?"