मैतूच्या दोन थापट्या

राहुलचा फोन आला तेव्हा मी शाळेत, स्टाफरूममध्ये, डबा उघडत होते. "ताई, मैतूले घेऊन घरी येऊन राह्यलो," एवढंच तो म्हणाला आणि, खोटं कशाला सांगू, क्षणभर मला आनंदच झाला. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातून पोरीला सुटी मिळाली, असंच वाटलं मला. "ताप उतरला का रे?" असं विचारलंसुद्धा मी. पलीकडून नुसते गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले… मग माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आता थंड हाये ताई. सारं अंग थंड हाये." पुलगावहून आर्वीची एसटी कशी पकडली, तिकीट काढलं की नाही, काही आठवत नाही. शेजारच्या बाईंनी माझ्या हातातला उघडा डबा घेऊन झाकण लावून दिलं, तेवढं आठवतं.

या घटनेला आता काही आठवडे होऊन गेले. अशा लेखांत गेलेल्या माणसाचं कर्तृत्व सांगायचं असतं. माझ्या भाचीचं कर्तृत्व काय सांगू? ती नुकतीच दोन वर्षांची झाली होती. तिला मोजके शब्द येत होते आणि त्यातले निम्मे फक्त तिच्या आईला कळत. मुरमुऱ्यांना ती 'मुम्मू' म्हणायची आणि बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक चारचाकी वाहनाला 'यत्ती', म्हणजे एसटी. पण आमच्या घरात शेंडेफळ म्हणून तिनं जो दरारा बसवला होता, तो बसवायला मला पंचवीस वर्षं मास्तरकी करूनही जमलेलं नाही. हे मी कौतुकानं नाही, हेव्यानं सांगते आहे.

माझे बाबा आर्वी डेपोत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या अंगातली एसटी काही उतरली नाही. नातीला त्यांनी 'आजोबा' म्हणायच्या आधी घंटी शिकवली. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. दोरी नव्हती म्हणून पाठीचीच घंटी झाली. ज्याच्या कडेवर बसेल त्याच्या पाठीवर मैतू चिमुकल्या तळव्यानं दोनदा थापटायची. चला! मध्येच कुत्रं दिसलं, बकरी दिसली की एकदा थापटायची, की थांबायचं. न थांबलं तर आरडाओरडा. रोज संध्याकाळी बाबा तिला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात, तेव्हा दारात आल्यावर मुद्दाम पुतळ्यासारखे उभे राहत. ती दोनदा थापटेपर्यंत पायरी उतरायची नाही, असा त्या दोघांचा नियम होता. दुकानदार गंमत करायचा, "काका, गाडी आज लेट हाये." बाबा म्हणायचे, "कंडक्टरनं घंटी नाई देल्ली ना बाप्पा."

नियम हा बाबांचा आवडता शब्द. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात गंडा, दोरा, ताईत, लिंबू-मिरची यांतलं काही शिरलं नाही. मी लहान असताना शेजारणीनं माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता, तर बाबांनी तो कापून तिच्या दारात नेऊन दिला होता. त्यांचं बोलणं तसं मऊ, पण या एका गोष्टीत ते कुणाचं ऐकायचे नाहीत. राहुलची बायको सुजाता वडनेरची. तिच्या माहेरीही बुद्धवंदना होते, आमच्याइतकीच मनापासून. पण लेकराच्या कमरेला करदोडा बांधणं हा त्यांच्याकडे धर्माचा प्रश्नच नाही. लेकराची कंबर उघडी नसावी, एवढंच. मैतूच्या बारशाला सुजाताच्या आईनं तो आणला होता. बाबांनी हसत हात जोडून परत केला आणि विषय मिटला, असं आम्हाला वाटलं.

पाऊस सरता सरता, सोयाबीन पिवळं पडायला लागलं तेव्हा, सुजाता पोरीला घेऊन वडनेरला गेली होती. मैतू तिथे बांधावरच्या गवतात दिवसभर लोळली. परत आल्यावर काही दिवसांनी तिला ताप भरला. पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. लेकरांना ताप येतात. डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. मग टायफॉइड असेल म्हणाले, सलाईन लागलं. डॉक्टर बदलला. त्यानं आधीच्या डॉक्टरची औषधं बंद करून आपली सुरू केली. मी सुटी मिळेल तेव्हा पुलगावहून जायचे आणि दारातूनच सुजाताच्या चेहऱ्यावरून कळायचं, ताप आहे की नाही. तापात एक फार वाईट गोष्ट असते. तो मध्येच जातो. घाम सुटून अंग थंड झालं की मैतू डोळे उघडायची, 'मुम्मू' मागायची, एखाद वेळी बाबांच्या पाठीवर दोनदा थापटायचीसुद्धा. घरभर उजेड पडल्यासारखं व्हायचं. राहुल लगेच आंघोळीला पळायचा, सुजाता स्वयंपाकाला लागायची, बाबा म्हणायचे, "पाय, झाली ना बरी!" आणि दिवे लागायच्या आत तिचे तळपाय पुन्हा तव्यासारखे. कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवावी तर ती ठेवता ठेवता सुकायची. आशा लागत राहते म्हणून जास्त हाल होतात. कुणी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं, तर… नाही, तेही नको होतं.

याच दिवसांत सुजाताची आई वडनेरहून आली. बाबा डेपोकडे फिरायला गेलेले पाहून तिनं नातीच्या कमरेला काळा करदोडा बांधला. सुजातानं अडवलं नाही. का अडवावं तिनं? औषधं झाली, सुया झाल्या, पोरगी डोळ्यांदेखत विझत चाललेली. त्या वेळी कुणी दगड उशाला घे म्हटलं असतं तरी तिनं घेतला असता. पण सासऱ्यांना कळलं तर त्यांना दुखेल, या धास्तीनं तिनं तो लपवला. लांब झबली घालू लागली. अंग पुसायची ते दार लावून. आणि मग तिला एक दिवस दिसलं, की करदोड्याच्या खाली, कमरेच्या वळीत, एक छोटी काळी खपली आहे. उदबत्तीचा चटका बसल्यासारखी. पोरीला ती दुखत नव्हती. सुजाताला वाटलं, दोरा काचला. तिनं गाठ सैल केली, खोबरेल लावलं, आणि कुणाला बोलली नाही. खपलीबद्दल सांगायचं तर दोऱ्याबद्दल सांगावं लागणार होतं. डॉक्टर तपासायचे तेव्हा बाबा न चुकता पायथ्याशी उभे असायचे. ती झबलं छातीपुरतं वर करायची, आणि नळी ठेवून झाली की पटकन खाली ओढायची.

मैतूचा श्वास भरभर चालायला लागला, पोट फुगलं, हाक मारली तर डोळे उघडेना, तेव्हा तिला वर्ध्याला नेलं. मीही तिथे पोचले होते. आत नर्सनं तिचे सगळे कपडे काढले, करदोडा कात्रीनं कापला, आणि तरुण डॉक्टरीणबाई एकदम खाली वाकल्या. "हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. सुजातानं डॉक्टरांकडे नाही, आधी बाबांकडे पाहिलं. ती नजर मी जन्मभर विसरणार नाही.

"करदोडा काचला जी," ती म्हणाली.

"कोणता करदोडा?" बाबांनी विचारलं. रागानं नव्हे. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

"आईनं बांधलता, बाबा… तुमाले सांगतलं नाई."

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. गवतात डोळ्यांना न दिसणारा एक बारीक किडा असतो, तो चावला की अशी खपली धरते आणि असा ताप येतो. दोऱ्यानं काही झालेलं नाही, खपली दोरा बांधायच्या आधीपासूनच असणार. या तापावर औषध आहे, साधंच आहे, आत्ता सुरू करतोय. "लवकर दिसली असती तर…" एवढं बोलून त्या थांबल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण ते अर्धं वाक्य आमच्या घरात राहायला आलं ते आलंच. औषध सुरू झालं. तोपर्यंत ताप लिव्हरमध्ये, फुप्फुसांत सगळीकडे पोचला होता. मशीन लावलं. मला वाटलं, आता नाव कळलं आहे, आता ती वाचेल. नोकरीवर हजेरी लावून येते म्हणून मी पुलगावला परतले, आणि दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुटीत तो फोन आला.

लहान लेकरांना आमच्याकडे मातीच देतात. राहुलनं तिला पांढऱ्या कपड्यात हातांवर घेतलं आणि तो दारापर्यंत आला… पुढे पाऊलच टाकेना. लोक खोळंबले. भन्तेजी थांबले. "चाल बाबू," कुणी तरी म्हणालं. त्याला ऐकूच येत नव्हतं. मग बाबा गर्दीतून वाट काढत त्याच्या मागे गेले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं. राहुल चालायला लागला. आत सुजातानं तोंडात पदर कोंबला होता, तिला ते दिसलं नाही. बरं झालं.

नंतर माणसं येत राहिली. बोलायचं म्हणून काहीबाही बोलत राहिली. "लहान हाय अजून, दुसरं होईन," असं एक बाई सुजातासमोर म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना, "एसटीची सीट आहे का, उतरलं की दुसरं बसायला?" असं विचारलं. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. यातून काही तरी शिकलो, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. आम्ही शिकलो, मान्य. पण ज्या पोरीसाठी शिकायचं होतं ती नाही, मग ते शिकणं घेऊन काय करू?

सुजाता मला रोज फोनवर विचारायची, "ताई, बाबा मले बोलत काऊन नाईत? दोन शिव्या द्या म्हना, पन बोला म्हना." एकदा मी बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तिले काय बोलू? माह्या भेवानं लपवलं तिनं. मी सासरा होतो का ठाणेदार?" दीक्षेचं काही चुकलं असं मला वाटत नाही, दोऱ्याचा काही गुण होता असंही वाटत नाही. बाबा बरोबरच होते, आणि त्या बरोबर असण्याच्या धाकात पोरगी गेली. हे कुठल्या खात्यात मांडायचं ते मला कळत नाही.

गेल्या रविवारी मी आर्वीला होते. संध्याकाळी बाबांनी सुजाताला हाक मारली. "बेटा, तो करदोडा कुठी हाये?" तिनं हातातला पेला खाली ठेवला आणि आत गेली. नर्सनं कापसात गुंडाळून दिलेला तो दोरा तिनं कपाटात, मैतूच्या झबल्यांखाली ठेवला होता. तिनं तो आणून मान खाली घालून पुढे केला. बाबांनी कापलेली टोकं जुळवून गाठ मारली. एवढंसं कडं झालं… एवढीच होती तिची कंबर. दाराशेजारच्या खिळ्याला त्यांची जुनी कंडक्टरची बॅग असते. तिच्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, त्यांनी तो अडकवला.

"राहू दे इथीसा," ते म्हणाले. "आता माह्यापासून काई लपवजो नको."

सुजाता तिथेच खाली बसून रडली. मला वाटलं बाबा तिच्याजवळ बसतील, पण त्यांना ते जमलं नाही. पायांत चपला घालून ते फिरायला निघाले आणि दारात येऊन उभे राहिले. पुतळ्यासारखे. मी मागे होते, दोन पावलांवर. हात उचलला होता मी… पण माझी ती जागा नव्हती. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग वळून आत आले आणि चपला काढून खुर्चीवर बसले.