जाणाऱ्यांत नाव घाल

खालापूरच्या बाजूला जगदीश हवालदार म्हटलं की लोक जरा सावरून बोलतात. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. आता रसायनीतल्या एका कारखान्याच्या गेटवर पहारा देतो. शिळफाट्यावर चहाला थांबला की टीव्हीवर तावातावाने युद्धं जिंकणाऱ्यांची तो मनसोक्त खिल्ली उडवायचा. आता उडवत नाही.

फौजेतली शेवटची पाच वर्षं त्याच्या हातात बंदुकीपेक्षा फावडंच जास्त होतं. लढाईचा बेत आखायला साहेबांना डोंगर, नाले, रस्ते वाळूत उभे करून लागत, आणि वाळूत डोंगर उभा करावा तो जगदीशनेच. त्या वाळूभोवती एकच घोर असायचा: पश्चिमेचा शत्रू आणि उत्तरेचा शत्रू एकदम उठले तर? दोन्हीकडे एकदम लढायची वेळ येऊच द्यायची नाही, हा पहिला नियम. एकीकडे थोडी माणसं ठेवून नुसता तग धरायचा आणि बाकीची ताकद दुसरीकडे न्यायची.

एकदा हुकमाप्रमाणे त्याने पश्चिमेच्या टेकडीवरची तीस कागदी निशाणं उपटली आणि सहा ठेवली. न राहवून त्याने विचारलं, साहेब, या सहाजणांचं काय? साहेब वाईट माणूस नव्हता. खरं तेच म्हणाला, त्यांनी आपल्याला वेळ मिळवून द्यायचा. ते उत्तर जगदीशच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

पुढे त्याचा मुलगा निलेश फौजेत गेला आणि पश्चिमेच्याच एका चौकीवर लागला. दिवाळी उलटल्यावर एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. उत्तरेकडे ताणाताणी वाढली होती, निम्मी कंपनी तिकडे हलणार होती. निलेशचं नाव मागे राहणाऱ्यांत होतं. पण नवशा नावाचा दोस्त जाणाऱ्यांत होता, त्याला घरी म्हातारी आई होती म्हणून मागे राहायचं होतं, आणि अदलाबदल करायची तर आजच सांगा असं सुभेदार म्हणाले होते. निलेशची बायको वनिता हिला सातवा महिना होता. ती फोनजवळूनच लगेच म्हणाली, हलू नका, ओळखीची जागा सोडू नका.

जगदीशच्या डोळ्यांपुढे ती वाळूतली टेकडी उभी राहिली. तो म्हणाला, "जाणाऱ्यांत नाव घाल. जितं लय मानसं, तितं कुनी हात घालत नाय. मागं ऱ्हायल्यांना इचारतंय कोन?"

"आबा, चौकीवर सगळं शांत हाय," वनिता म्हणाली.

"म्हनून तर मानसं काढतायत गं. मी पाह्यलंय हे."

निलेश म्हणाला, बरं आबा.

चौथ्या दिवशी उत्तरेकडे जाताना घाटात बर्फावरून त्यांचा ट्रक घसरला आणि दरीत गेला. तिघं गेले, त्यांत निलेश होता. वाळूत जगदीशने कितीतरी घाटरस्ते काढले होते, पण त्यांवर बर्फ कधी पडला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं गावात कुणीतरी बोललंच. जगदीशच्या कानावर आलं. त्याला ते खोटं वाटलं नाही.

चैत्रात नवशा रजेवर आला तो थेट यांच्या घरी. वनिता ओटीवर तीन महिन्यांच्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने एवढंच विचारलं, लढाई झाली का? नवशाला खोटं बोलता येईना. नाय वहिनी, कुटंच नाय, तो खाली बघत म्हणाला. उत्तरेला एवढी फौज बघून समोरचे मागे सरले, आणि नवशा मागे राहिला त्या पश्चिमेच्या चौकीवर आख्ख्या हिवाळ्यात एक गोळी सुटली नाही. साहेब खूश होते, बेत जमला म्हणून.

नवशा गेल्यावर जगदीश खांबाला टेकून बसला. हिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं. वनिता ओरडली नाही. तिने पोरीला खांद्यावर घेतलं आणि थोपटत म्हणाली, "आबा, कुटं जायचं न् कुटं ऱ्हायचं, हे हिला तुमी कदी सांगायचं नाय."

जगदीश म्हणाला, "नाय सांगनार."