दगडाचं गाव

दगड चाटणारा माणूस पहिल्यांदा बघितला तेव्हा मला किळसच आली होती. एका छोट्या खाण कंपनीनं जमिनीतून काढलेले दगडांचे नमुने हे गृहस्थ कापूरहोळच्या गोदामात सांभाळायचे. पेट्या माझ्या टेम्पोतून यायच्या. तुकडा जिभेनं ओला करून ते रंग बघायचे आणि गाव सांगायचे. "ह्यो मार्गासनीचा." पेटीवरची चिठ्ठी चुकायची, ते नाही.

यंदा कंपनीनं खाणी सोडून तेल शोधायचं ठरवलं. नव्या साहेबांनी काळ्या तेलाची बाटली बघायला दिली, तर यांनी सवयीनं बोट बुडवून जिभेला लावलं. सगळे हसले. मीही हसलो.

त्यांनी टोपीनं सावकाश तोंड पुसलं. "ह्येचं गाव मला न्हाई वळखता येत, साहेब," म्हणाले, आणि गोदामाची किल्ली बाटलीशेजारी ठेवली.