आवाज न ऐकता तपासलेला व्हिडिओ

तमिळ मुलखात, अण्णा नगरच्या एका इस्पितळातून आमचं नेत्ररोगावरचं त्रैमासिक निघायचं. संपादक तिथलेच डॉक्टर. मुद्रितं आणि तक्ते तपासणं माझं काम, आणि रुग्णाची ओळख पटेल असं काही छापलं जाऊ नये ही जबाबदारीही माझीच.

पुढे वेबसाइटवर शस्त्रक्रियांचे व्हिडिओ टाकायचं ठरलं. पहिला मोतीबिंदूचा, चार मिनिटं बारा सेकंदांचा. मी तो थांबवत थांबवत सहा वेळा पाहिला. चेहरा नाही, केसपेपरचा नंबर नाही. सही केली आणि तो वेबसाइटवर चढला.

रविवारी सकाळी घरी बायकोला कौतुकाने दाखवायला बसलो. सुरुवातीलाच नर्सचा आवाज आला, "अम्मा, तुमचं नाव काय? कुठला डोळा?" भलत्याच माणसाचा डोळा उघडला जाऊ नये म्हणून टेबलावर हे विचारायचा नियमच आहे. बाईंनी नाव सांगितलं. वर तांबरमच्या कुठल्या शाळेत शिकवतात तेही सांगितलं.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते.

"सहा वेळा पाहिलात ना?" बायको म्हणाली. "एकदा ऐकायचं तरी!"

संमतीपत्रावर सही करताना बाईंनी मला एकच गोष्ट बजावली होती: शाळेत कळता कामा नये, दिसत नाही म्हणून वर्ग काढून घेतील.

संपादकांना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. व्हिडिओ निघाला की नाही हे बघायला मी सारखं पान उघडत होतो, आणि 'किती वेळा पाहिला' हा खालचा आकडा दर वेळी एकाने वाढत होता. दुपारी व्हिडिओ निघाला तेव्हा तो एकेचाळीस होता.

सोमवारी संपादक म्हणाले, "काढला ना? मग बाईंना कशाला घाबरवता?"

"सर, नाव येणार नाही असं आपणच लिहून दिलंय."

"मग तुम्हीच सांगा."

गुरुवारी बाई तपासणीला आल्या. माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी सगळं सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला नाही.

"किती जणांनी पाहिलं?"

"एकेचाळीस वेळा, अम्मा. त्यातल्या नऊ वेळा मीच."

"म्हणजे बत्तीस. त्यात आमच्या शाळेतलं कुणी?"

आयुष्यभर मी आकड्यांची उत्तरं देत आलो होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.