पाठीवर न आलेला गव्हर्नर

आपल्याकडे राज्यपाल दिल्लीहून येतो, शपथा देतो, चहा पितो आणि एक दिवस जातो. त्याला कुणी मत देत नाही. त्यामुळे शेजारीण म्हणाली की तिच्या राज्याचा गव्हर्नर दुसऱ्यांदा निवडणुकीला उभा आहे, तेव्हा मला वाटलं माझंच इंग्रजी कमी पडलं. मुलाने समजावलं, "आई, नायजेरियात गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. त्याला मतं मागावी लागतात." म्हणजे हात जोडणं आलं, आश्वासनं आली. मग सगळं ओळखीचं वाटायला लागलं.

इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक लाकडी कुंपण आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माझ्याशी बोलायचं तर माणसाला वेळ काढावा लागतो, आणि तो इथे कुणाकडे नसतो. सुनेच्या मैत्रिणी आल्या की मी चहा देते आणि माझ्या खोलीत शिलाई मशीनवर बसते. शेजारीण मात्र सरळ त्या खोलीतच येते. ती तिचं इंग्रजी बोलते, मी माझं, आणि दोघींचं मिळून एक वाक्य पुरं होतं. सात वर्षांत या देशात मी जोडलेलं माणूस एवढं एकच.

तिच्या नवऱ्याला गव्हर्नरने सल्लागाराची जागा कबूल केली होती. गव्हर्नर पुन्हा निवडून आला की दोघं कायमचे तिकडे जाणार. सल्ला कशाचा, ते ठरायचं होतं. नवरा इथे बस चालवून निवृत्त झालेला. वीस वर्षं त्याने चौकाचौकातल्या गोल राउंडअबाउटना फेऱ्या घातल्या होत्या, तेव्हा राजकारणाचा अनुभव नव्हता असं म्हणता येणार नाही.

गव्हर्नरच्या इंग्लंडमधल्या समर्थकांची एक समिती होती आणि हा आमच्या शहराचा प्रमुख. शहरात समर्थक अकरा. त्यातल्या एकालाही इथून मत देता येत नाही, त्यामुळे उत्साह दांडगा होता.

त्यांच्यात मोठ्या प्रसंगी सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायची रीत आहे. निवडणूक असली की त्या कापडावर उमेदवाराचा चेहरा छापतात. असा एक निळा तागा माझ्याकडे आला. वितीवितीवर गव्हर्नर हसतोय आणि खाली लिहिलंय, अजून चार वर्षं. मागच्या चार वर्षांत राहिलेलं काम आता करणार होता. म्हणजे सगळंच.

"आई, तू आता कार्यकर्ती झालीस," मुलगा म्हणाला.

"अहो आई, उगाच त्यांच्या पॉलिटिक्समध्ये पडू नका," सून म्हणाली.

मी म्हटलं, "मी गळा आणि काखा एवढंच बघते."

शेजारणीने मला गावाकडचे फोटो दाखवले. कुणी गव्हर्नरवर बसलं होतं, कुणाच्या शिवणीत त्याचा अर्धा जबडा गेला होता. तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारे. जित्या माणसाच्या तोंडावरून कात्री चालवायची आणि वर त्याच्यावर कुणाला बसवायचं, हे माझ्याने होईना. मतं मागत असला म्हणून काय झालं? मी सगळे चेहरे छातीवर आणि पाठीवर सरळ बसवायला लागले. कापड फार वाया जात होतं.

"सिस्टर, पुरेल ना? लंडनला अजून एक तागा आहे," शेजारणीने विचारलं.

"पुरेल," मी म्हटलं.

तीस वर्षं शिवतेय. पुरणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं.

शेवटी राहिला प्रमुखसाहेबांचा पायघोळ झगा. पुढच्या बाजूला छातीवर गव्हर्नर आला. पाठीला अस्तराचं निळं कोरं कापड लावलं. शेजारणीने उलटसुलट करून पाहिलं आणि हसली. "काही बिघडत नाही. तो पुढूनच बोलतो."

लंडनच्या हॉलमध्ये गव्हर्नरचा मेहुणा आला. वयाने लहान, पण मेहुणा तो मेहुणा. त्यांच्यात मोठ्या माणसाला पुरुष आडवे पडून नमस्कार करतात, आपल्या साष्टांगासारखा. आमचे प्रमुख सगळ्यांच्या आधी आडवे पडले. फोटोत छाती जमिनीला टेकलेली आणि वर नुसती निळी कोरी पाठ. मागे उभ्या असलेल्या दहाही जणांच्या अंगावर गव्हर्नर हसत होता. समितीच्या ब्रिस्टल शहरातल्या प्रमुखाने तो फोटो तत्परतेने तिकडे गव्हर्नरला पाठवला. खाली लिहिलं, "समोरून गव्हर्नरचा, पाठीमागून कुणाचा?"

गव्हर्नर निवडून आला. सल्लागार ब्रिस्टलचा झाला.

शेजारणीच्या नवऱ्याने माझ्याशी बोलणं सोडलं. तसा तो आधीही बोलायचा नाही, पण आता मुद्दाम बोलत नव्हता. शेजारीण दोन आठवडे आली नाही. मग एका दुपारी आली आणि नेहमीच्या खुर्चीत बसली. मी मनात इंग्रजी जुळवून ठेवलं होतं. विचारलं, "तुला जायचं होतं का?"

"तिथे आई आहे, इथे मुली आहेत," ती म्हणाली. "मला नवऱ्याने विचारलं नाही. गव्हर्नरने तर नाहीच. तू विचारतेस, तेही निकाल लागल्यावर."

दुसरा तागा मी मुद्दाम मागितला नाही, हे मी तिला सांगितलं. कापड पुरणार नाही हे मला माहीत होतं, तेही सांगितलं. तिने मशीनचं चाक एकदा हाताने फिरवलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "माझ्या ब्लाउजात तू कधी बोटभर चुकली नाहीस."

मी मान खाली घातली. आईची आठवण काढून ती रडली असती, तर मी काय केलं असतं कोण जाणे. ती रडली नाही. म्हणाली, पुढच्या महिन्यात ती एकटीच आईकडे जाणार आहे.

"नवऱ्याला विचारलंस?"

"सल्लागार झाला असता तर घेतला असता त्याचा सल्ला."

दोन महिन्यांसाठी जाणार, असं म्हणाली. परतीचं तिकीट काढलंय का, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी टेप घेतली आणि तिच्या आईची मापं विचारली.