हॉर्न वाजला की बाहेर जायचं

ओमानमध्ये सोहार शहरापासून आत डोंगराकडे रेल्वेचा नवा मार्ग घालायला घेतला, तेव्हा त्या उजाड माळावर पहिलं दुकान मी थाटलं. दुकान म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर, एसी आणि दोन फ्रीज. मागे रेल्वेच्या मजुरांचा कॅम्प, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे खजुरीतलं गाव. त्याआधी बारा वर्षं शहरात, कुरुमच्या सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावला होता. दुकानाचा ओमानी मालक, माझा अर्बाब, पहिल्याच दिवशी म्हणाला, "अब तुम मुदीर है." मुदीर म्हणजे मॅनेजर. झालं, मी हवेत.

संध्याकाळी कॅम्पमधली माणसं यायची आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरायची नाही. गावातल्या गाड्याही यायच्या, पण दाराशी थांबून हॉर्न वाजवायच्या. मी बाहेर आलो तर गाडीतूनच सामान मागणार! असे हॉर्न कुरुमच्या चहावाल्यांपुढे ऐकले होते, पण ते माझ्यासाठी नव्हते. मी गुहागरचा, रक्तच तापट. पाहिजे असेल तर उतरून येतील, म्हणून काउंटरमागे नाकाने कांदे सोलत बसलो. गाड्या निघून जायच्या.

मग मार्ग पुढे सरकला आणि त्याच्याबरोबर कॅम्पही हलला. चार दिवसांत माळ ओस पडला. खुबूसच्या रोट्या शिळ्या होऊ लागल्या. अर्बाब आला, रिकामं दुकान बघून म्हणाला, "ये महिना देखेगा. गाँव नहीं आया तो शॉप खलास, तुम भी घर जाओ."

"गाँव का आदमी गाडी से उतरता ही नहीं," मी फणकारलो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गाडी में माँ बैठा है, औरत बैठा है. अंदर तुम्हारा पचास आदमी खडा था. वो कैसे उतरेगा?"

सहा महिन्यांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी हॉर्न वाजला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हणत मी धावत बाहेर गेलो. पिकअप एक तरुण चालवत होता. शेजारी त्याची म्हातारी आजी. तिने माझ्या पायांकडे टक लावून पाहिलं आणि नातवाला काहीतरी विचारलं.

तो हिंदीत म्हणाला, "दादी पूछता है, पैर अच्छा हो गया?"

"कौनसा पैर?"

"तुम कभी बाहर नहीं आया. दादी बोला, बेचारा लंगडा है. सब गाँव को बोला, उसको हॉर्न मत मारो, सोहार से सामान लाओ. आज मैं भूल के मारा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माज करत होतो आणि ही बाई माझी काळजी वाहत होती. हो म्हणून मोकळं होता आलं असतं, पण जीभ रेटेना. "दादी को बोलो, पैर ठीक था. दिमाग खराब था."

नातवाने सांगितलं. म्हातारी हसली, अगदी खिडकीची कड धरून हसली. मग तिने लबानच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्या मागितल्या. मी आणून दिल्या तेव्हा नातवामार्फत म्हणाली, "आज घरोघर सांगते, तो चालतो म्हणून."

संध्याकाळी दाराशी पाच गाड्या उभ्या होत्या.