धानाच्या गोदामातले सूर

वरचे समोरचे दोन दात काढावे लागतील असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, "त्याच्याऐवजी खालचे काढले तर नाई जमत?" चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले सगळे हसले. मी हसलो नाही. मी खरंच विचारत होतो. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा ओठ वरच्या दातांवर टेकतो, ओठावर माऊथपीस टेकतो, आणि सगळा सूर त्या टेकूवर उभा असतो. टेकू काढला की घर खाली. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हिरडीत पू झाला आहे, दहा दिवस गोळ्या घ्या आणि मग या. दात बसवून देईन, जेवता येईल. जेवायचं कोणाला पडलं होतं!

माझी नोकरी अहेरीला लाकडाच्या डेपोत होती. जंगलातून आलेल्या सागाच्या लठ्ठ्यांचे नंबर आणि मापं लिहायची, दिवसभर तेच. पण लग्नाचा मोसम लागला की मी बँडमास्तर. नोकरीतून निवृत्त झालो, बँडमधून झालो नाही. आमची वरात बाजारातून निघाली की भाजीवाल्या बाया हातात तराजू धरून तशाच थांबायच्या. ही बढाई वाटत असेल तर वाटू द्या. अहेरीत कोणालाही विचारा.

दातांची बातमी मी मुलीला फोनवर सांगितली. ती नागपूरला असते आणि तिचं काम मला बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. ती वाद्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड करते आणि ते कॉम्प्युटरात भरते. मग कोणीही कीबोर्डची पट्टी दाबली की त्या वाद्याचा तोच सूर निघतो. मला वाटायचं, हे तर आमच्या पोटावर पाय आणायचं काम. तसं मी एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं.  त्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "बाबा, दात काढाच्या आधी मी येतो. तुमचे सूर घेऊन ठेवतो."

मी विचारलं, कॉम्प्युटरात ट्रम्पेट नाहीत का? ती म्हणाली, आहेत, ढीगभर आहेत, पण सगळे परदेशातल्या मोठ्या हॉलमधले. त्यांच्यावर आपल्या वरातीचं गाणं वाजवलं की सूटबूट घातलेला पाहुणा पंगतीत मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. मला हे फार आवडलं. मी लगेच हो म्हणालो.

जागा मिळाली ती धानाच्या गोदामात. गोदामाचे मालक माझे जुने दोस्त, आम्ही त्यांना शेठ म्हणतो. आत चारी बाजूंनी छतापर्यंत धानाची पोती रचलेली. मुलीने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि खूष झाली. आवाज पोत्यांनी गिळून टाकला, कुठेच घुमला नाही. एकच अडचण होती. सूर्य वर आला की छताचे पत्रे तापून तडतडतात. म्हणून उजाडल्या उजाडल्या सुरू करायचं आणि पत्रे बोलायला लागले की थांबायचं, असं ठरलं. तीन सकाळी मिळणार होत्या. चौथ्या दिवशी दवाखाना.

पहिल्या सकाळी मी पूर्ण तयारीने गेलो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, पितळी बटणं, पॉलिश केलेले बूट. माझं एवढं मोठं काम, मी काय बनियनवर जाणार? मुलीने हेडफोन लावले, माईक चालू केला, मी श्वास घेतला आणि तिने हात वर केला.

"बाबा, कोट काढा. बटणं वाजून राह्यले."

"कोटाबिगर मी कधी वाजवलंच नाई."

"मग आज वाजवा."

कोट काढला. पुन्हा सुरू. पुन्हा हात वर. आता बूट. माझे पाय ताल धरून जमिनीवर पडत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. बूट काढून एका जागी उभा राहिलो, तर सूरच धड येईना. मला वाटलं, दात आत्ताच गेले. मग उलगडा झाला. बँडवाला उभ्याने वाजवत नाही, तो चालत वाजवतो. चाळीस वर्षं माझ्या सुराला पाय होते. मुलीने थोडा विचार केला, रिकामी पोती आणून चारपदरी अंथरली आणि म्हणाली, "याच्यावर चाला, जागच्या जागी." शहाणी पोरगी. मी अनवाणी पायांनी त्या पोत्यांवर, कुठेही न जाता, वरातीसारखा चालत राहिलो आणि सूर आला.

बाहेर शेठ रस्ता अडवून उभे होते. एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून त्यांनी सांगितलेलं मला आतून ऐकू आलं, "दहा मिनिट थांब रे भाऊ. अंदर सूर घेऊन राह्यले." तो म्हणाला, "मले वाटलं, धान घेऊन राह्यले." तेवढा एक सूर बाद झाला, कारण मी हसलो.

दुसऱ्या सकाळी भांडण झालं. मुलीला प्रत्येक सूर सुटा हवा होता. सरळ सुरू व्हायचा, आठ मोजेपर्यंत तसाच राहायचा, मग बंद. तोच सूर चार प्रकारच्या जोराने, आणि प्रत्येक जोर तीन वेळा. तीन वेळा कशाला, तर माणूस एकच गोष्ट दोनदा अगदी सारखी करत नाही, म्हणून कॉम्प्युटरनेही आलटूनपालटून वाजवायचं. इथवर मला पटलं. पण सरळ सूर मला येईना. आम्ही सुरावर खालून घसरत जातो आणि सोडताना त्याला एक झटका देतो. नवरदेवाचे मित्र त्या झटक्यावरच तर नाचतात.

"बाबा, घसरू नका. सरळ."

"सरळ सूर म्हणजे बिना फोडणीचं वरण."

"मले वरणच पाह्यजे. फोडणी ज्याची तो घालंल."

पाच वेळा थांबवल्यावर माझं डोकं फिरलं. एवढ्या लोकांना मी शिकवलं, आणि ही मला शिकवणार! ट्रम्पेट पोत्यावर ठेवला आणि बाहेर येऊन वजनकाट्यावर बसलो. शेठ म्हणाले, "ना वरात, ना मांडव, आन नवरदेवावानी रुसून काऊन बसले?" 

तेवढ्यात आतून एक सूर ऐकू आला. एकटा, लांब, भरलेला. मुलगी स्पीकर लावून सकाळचं रेकॉर्डिंग ऐकत होती. माझा हात आपोआप शेठच्या गुडघ्यावर गेला. मी आयुष्यात माझा सूर एकटा ऐकलाच नव्हता. माझ्या कानाशी कायम ढोल, ताशे, जनरेटर आणि फटाके. मी सुरासाठी नाही, गर्दीतून पार जाण्यासाठी फुंकत आलो होतो. आणि हा असा सूर माझ्याजवळ होता? मला लाज वाटली नाही, अभिमान वाटला, आणि तो इथे लिहिताना आजही वाटतो. चांगला सूर होता हो. खूप चांगला होता.

आत गेलो आणि सरळ वाजवलं. ती पाठमोरी बसून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, ट्रम्पेटचं दुसरं बटण अर्धंच दाबलं." न बघता! ही मुलगी लहान असताना ट्रम्पेटला हात लावायची तेव्हा मी हिसकावून घ्यायचो, मुलीचं काम नाही म्हणून. ती दारात बसून नुसती ऐकायची. ऐकून ऐकून तिचा कान माझ्यापुढे निघून गेला होता, आणि त्यात माझी करणी काहीच नव्हती. मी तिला तसं सांगितलं. "माझी चूक झाली," असं सरळ म्हणालो. तीही सरळच म्हणाली, "हो, झाली. पुढचा सूर द्या."

तिसऱ्या सकाळसाठी हळू सूर उरले होते. ते शेवटी ठेवले कारण ते मला येतच नव्हते. बँडवाल्याला हळू कशाला लागतं? हळू वाजवणाऱ्याला कोणी दुसऱ्या लग्नाला बोलावत नाही. त्यातून हिरडी रात्रीत सुजली होती. ओठ टेकवला की कळ डोळ्यापर्यंत जायची. नेहमीचा जोर लावणं शक्यच नव्हतं, म्हणून मी नुसता श्वास सोडला, दिवा विझू नये इतपत. आणि हळू सूर आला. ज्या दातांनी मला आयुष्यभर मोठ्याने वाजवू दिलं, त्यांनीच जाता जाता हळू वाजवायला लावलं.

पंधरावीस सूर झाले असतील. मी माऊथपीस पुसला, तर रुमालाला रक्त लागलं. मुलीने ते पाहिलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"बस झालं. चला दवाखान्यात."

"वरच्या पट्टीतले हळू सूर बाकी हायेत."

"राहू द्या. मले तुमचे सूर नाई पाह्यजे, बाबा. मले तुमी पाह्यजे."

 पण मी बँडमास्तर आहे, अर्ध्यातून वरात सोडत नाही. मी म्हणालो, "मी आजचा हाये तसा उद्या नाई राहणार. मशीन चालू कर माय." ती रडत होती. रडताना नाकाचा आवाज माईकमध्ये जाईल म्हणून तिने तोंडात ओढणीचा बोळा धरला आणि मशीन चालू केलं. वरचे सगळे सूर मी दिले. शेवटचा संपला, आठ मोजून झाले, आणि वर पहिला पत्रा तडतडला.

दात गेले. नवे बसले. जखम भरल्यावर एकदा ट्रम्पेट तोंडाला लावला, तर सायकलच्या पंक्चरसारखा फुस्स आवाज आला. मी तो पुसून पेटीत ठेवला. त्या दिवशी मी जेवलो नाही, एवढंच सांगतो.

मुलीने सहासात महिने खपून ते सूर कॉम्प्युटरात बसवले आणि वाजवणाऱ्यांसाठी खुले केले. लोक घेत आहेत, असं तिने कळवलं. मी बरं म्हणालो. लोक म्हणजे कोण, ते डोळ्यांसमोर येत नव्हतं.

मग राजुऱ्याला नात्यातलं लग्न निघालं. वरातीत आता बहुतेक ठिकाणी ट्रम्पेटवाले नसतातच. गाडीवर मोठे भोंगे, आणि एक चाळिशीचा माणूस कीबोर्ड घेऊन उभा. मी घोड्यामागे म्हाताऱ्यांत चालत होतो. त्याने कीबोर्डवर ट्रम्पेटचा आवाज लावला आणि माझे पाय थांबले. गर्दीत आपल्या लेकराने हाक मारली तर ओळखायला वळून बघावं लागत नाही, तसं झालं. तो मीच होतो. मधूनच हळू लागणारे वरचे सूर तिसऱ्या सकाळचे होते. लोक नाचत होते, आणि खाली चालणारा हा म्हातारा कोण, ते कोणालाही माहीत नव्हतं. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं.

मी गर्दीतून वाट काढत गाडीजवळ गेलो. तो गडी बरा वाजवत होता, पण ओळीला ओळ जोडत चालला होता, मध्ये कुठे उसंतच नाही. ऐकता ऐकता मला गुदमरायला लागलं. मी गाडीचा दांडा धरून चालत त्याला हाक मारली.

"भाऊ, ओळ संपली का थांबत जा. दम घ्याले जागा ठेव जराशी."

त्याने वाकून माझ्याकडे पाहिलं. "कीबोर्ड हाये ना काका. याले कायचा दम लागते?"

"याले नाई," मी म्हणालो. "मले लागते."

 पुढच्या ओळीच्या शेवटी त्याने बोटं उचलली, आणि मी पोटभर श्वास घेतला.